चाखणं म्हणजे खाणं नव्हे

२ सप्टेंबर, सकाळ

काल झोपण्याआधी एक बन खाल्ला. आपल्याच बेकरीचा, गोड, मऊ. पाटीवर त्याची किंमत लिहिलेली आहे. मला तो कितीला पडला ते इथे लिहून ठेवतो. रात्रभर कूस बदलता आली नाही. सकाळी कंबरेपासून डाव्या घोट्यापर्यंत तापलेली सळई. डावा मोजा चढवायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात बायकोने चहा केला, प्यायला, कप धुतला आणि मोज्यावर एक वाक्य टाकलं. ते वाक्य धरून बन फार महाग पडला.

मोजा मात्र मीच चढवला. हे महत्त्वाचं. ज्या दिवशी माझा मोजा दुसऱ्या कुणाला चढवावा लागेल त्या दिवशी भट्टीची किल्ली देऊन टाकीन. हे मी काल लेकीला सांगितलं आहे. दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत.

लेक तीन महिन्यांची रजा काढून आली आहे. लांबच्या शहरात मोठ्या हॉटेलात ब्रेड-केकचा सगळा विभाग तिच्या हाताखाली. डिसेंबरपासून हॉटेलची नवी शाखा निघतेय, तिथलं अख्खं किचन तिला देतायत. म्हणते, "बाबा, तुम्ही भट्टीपुढे उभे राहू शकलात तर मी जाते. नाही तर नोकरी सोडून इथेच राहते. बेकरी बंद पडू देणार नाही."

वरवर माया. पण मी ट्रे घासण्यापासून सुरुवात करून मालक झालेला माणूस आहे. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच मला कळतं, हा घेणारा की नुसता वास घेणारा. पोरीचा डोळा भट्टीवर आहे.

ठरलं ते असं: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भट्टी मी एकट्याने चालवायची. मदतीला फक्त पीठ मळणारा पैलवान. (लाटण्याएवढा आहे. नाव मीच ठेवलंय.) लेक कशालाही हात लावणार नाही. पार पडलं की तिने खुशाल जावं. मी म्हटलं, बॅग भरायला घे.

२ सप्टेंबर, दुपार

दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शून्य ते दहात दुखणं किती, असं विचारलं. होतं आठ. पण पहिला आकडा खरा सांगणाऱ्याने धंद्यात पडू नये. तीन म्हणालो. बाई म्हणाल्या, "तीनवाले खुर्चीचा हात धरून बसत नाहीत, काका." शेवटी पाचावर सौदा पटला.

इलाज म्हणजे औषध थोडं, शिस्त फार. मैदा, साखर, बटाटा, भात कमी करा. अंडी, मासे, पालेभाज्या खा. रोज चाला. थोडं चाला पण रोज. जमिनीवर पडून करायचे दोन व्यायाम. दुखणं मुळासकट जाईल असं वचन देत नाही म्हणाल्या. काहींना बराच फरक पडतो, काहींना थोडा. वजन उतरलं तर कंबर दुवा देईल. पी हळद आणि हो गोरी असलं यात काही नाही.

मग विचारलं, काका करता काय?

सांगितलं. बेकरी, शून्यातून उभी केलेली. बाईंचं पेन थांबलं.

३ सप्टेंबर

पहिला दिवस. अपूर्व उत्साह. दोन अंडी, काकडी. बायकोने बिस्किटांचा डबा कपाटावर चढवला, कारण माझा हात खांद्याच्या वर जात नाही हे तिला माहीत आहे. तिचा गुडघाही दुखतो, म्हणून ती सोबतीला माझ्याबरोबर हेच खाणार. बिचारी. माझ्या वेगाने तिला झेपायचं नाही.

एक तांत्रिक मुद्दा मात्र निकालात काढला. आपल्या धंद्यात रिवाज आहे, भट्टीतून निघालेला पहिला पाव मालकाने फोडायचा. खाली टकटक करून कानाशी धरायचा, मग फोडून चाखायचा. मालकाने चाखल्याशिवाय माल काउंटरवर जात नाही. हे काम आहे. विमान चालवणारा विमानात बसतो म्हणून तो सहलीला गेला असं कुणी म्हणत नाही. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. डाएटमध्ये ते धरायचं नाही.

आणि माझा कान! आतून पोकळ आवाज आला की पाव झाला. भट्टीला घड्याळ नाही, लागलंही नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून एक घाणा जळालेला नाही.

५ सप्टेंबर, संध्याकाळ

वॉक सुरू. पाठ ताठ, दमदार पावलं. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेलो. बाकावर रिटायर्ड पोस्टमन बसलेला असतो. आयुष्यभर सायकल मारून दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाला, "बसा मालक. दुखणं पेन्शनसारखं आहे, माणूस जिवंत आहे तोवर येत राहतं." त्याला धीर द्यायला बसलो. अंधार पडेपर्यंत धीर दिला.

घरून निघणं आणि घरी येणं यामधला सगळा वेळ वॉकमध्येच मोडतो.

९ सप्टेंबर

जमिनीवरचा व्यायाम केला. खाली जाणं सोपं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. वर येणं वेगळ्या खात्यात आहे. पिठाच्या कोठीत गोणपाट टाकून पडलो होतो. हाक मारली नाही. छताकडे पाहत व्यवसायाचा विचार केला. बाहेर पैलवान कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "मालक मेले की झोपले, बघू का?" माझे कान तीक्ष्ण आहेत. मी ओरडलो, व्यायाम चालू आहे.

तो म्हणाला, "मगाचपासून?"

उद्यापासून व्यायाम पलंगावर.

१७ सप्टेंबर

दुखणं तसंच. पद्धतीतच दोष असावा. माणसाने स्वतःच्या धंद्यातून उत्तर शोधावं, म्हणून बिनमैद्याचा पाव काढला. बदामाची पूड, जवस, अंडी. मळताना पैलवान म्हणाला, "मालक, हे पीठ आहे की सिमेंट?" अडाणी माणूस. लेकीने बघितलं, ओठ दाबले आणि विचारलं, यीस्टला वर चढायला काहीतरी लागतं ना बाबा? मी म्हटलं, तुझ्या हॉटेलात लागत असेल.

कंबरदुखीवाल्यांसाठी खास पाव. उद्या काउंटरवर ठेवतो. नाव चालेल. जग बदलेल.

१८ सप्टेंबर

खाली टकटक केली. आतून कुणी "कोण आहे?" असं विचारेल इतका भरीव. एकच विकला गेला. घेणारी म्हातारी दुपारी तो परत घेऊन आली. म्हणाली, "दाराला लावायला ठीक आहे, पण मला खायला हवा होता." बायको अजून हसतेय. उरलेले पाव पैलवान घरी घेऊन गेला. काय केलं विचारलं नाही. त्याच्या खाटेचा एक पाय आखूड होता.

२८ सप्टेंबर

पुन्हा डॉक्टरीणबाई. वजन वाढलंय. काटा जुना दिसला. आज दुखणं चार सांगितलं, प्रगती दिसावी म्हणून. बाईंनी मान हलवत खाण्यापिण्याचं एकेक विचारलं. अंडी? हो. काकडी? हो. पाव? अजिबात नाही. लेक शेजारी बसली होती, तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशात चुरा होता. तो चाखण्याचा चुरा.

बाई म्हणाल्या, "चाखायलाच लागत असेल तर चाखा आणि थुंका, काका."

स्वतःचा पाव थुंकणारा बेकर! मी उठून उभा राहिलो. म्हणजे राहिलो असतो, पण खुर्ची खोल होती. लेकीने हात दिला.

४ ऑक्टोबर

दुकानामागे लेक फोनवर बोलत होती. मी कोठीत होतो, सगळं ऐकलं. "हो सर. नाही सर, अजून नक्की सांगता येत नाही. थोडे दिवस थांबाल का, सर? माझी खूप इच्छा आहे, पण घरी वडील..." मग मी येतोय असं बघून आवाज बंद.

सर म्हणजे इलेक्ट्रिक भट्टीवाला. दुसरा कोण? बापाची विटांची भट्टी पाडून तिथे बटणांचं कपाट बसवायचं. "थोडे दिवस थांबा" म्हणजे म्हातारा आडवा होईपर्यंत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तर भर दुपारी दिसलं.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ

बायकोही वॉकला येते. आज बाकापाशी थांबलीच नाही. मी हाक मारली तर वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "तुम्ही बसा, तुमचं चालणं चालू दे." पोस्टमन एवढा हसला की त्याला ठसका लागला. परत आली तेव्हा गाल लाल, श्वास नीट. म्हणाली, नदीच्या पुलापर्यंत गेले, गुडघा आता जिन्यावरही बोलत नाही.

बायकांचे गुडघे वेगळे असतात. त्यात शास्त्र आहे.

१८ ऑक्टोबर

आज कहर. पहिला पाव निघाला. मी टकटक केली, ऐकलं, फोडला. मागे लेक उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाबा, चाखायला लोणी लागतं?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक लोण्याबरोबर खातं, तर लोण्याबरोबरच चाखायला हवं.

"आणि अख्खा?"

म्हटलं, एका टोकाला कच्चा राहिला असेल तर?

"आणि बनचा घाणा निघाला की बन. बिस्किटांचा निघाला की बिस्किटं. खारी निघाली की खारी." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "म्हणजे बाबा, आपल्या घरात डाएट कोण करतंय? आई. चालतंय कोण? आई. तुम्ही करताय काय?"

पैलवान पिठात डोकं घालून मळत होता. इतकं मन लावून त्याने गेल्या वीस वर्षांत मळलं नव्हतं.

मी म्हटलं, भट्टी हवीय ना तुला? सरळ माग.

लेकीने माझ्या हातातला अर्धा पाव काढून फळीवर ठेवला आणि बाहेर गेली. मी ऐकत होतो. बाहेर काहीच ऐकू आलं नाही.

१९ ऑक्टोबर

ठीक आहे. दाखवतो.

कुणाच्या बोलण्यामुळे नव्हे. खुन्नस म्हणून. आजपासून पहिला पाव फक्त ऐकायचा. फोडायचा पैलवानाने, चाखायचा पैलवानाने. पोस्टमनला सांगितलं, मी बाकाच्या पुढे जाणार. तो म्हणाला, पुढे काय आहे? मलाही माहीत नव्हतं. पुढे एक शिंप्याचं दुकान आहे आणि एक बंद पेट्रोल पंप.

२६ ऑक्टोबर

काही लिहिण्यासारखं नाही. अंडी. मासा. पाला. चालणं. भुकेने चिडचिड. बायकोला म्हटलं, तू गेल्या महिन्यात अशी चिडली नाहीस. म्हणाली, "चिडले होते. तुम्ही बाकावर होतात."

२ नोव्हेंबर

लिहायला भीती वाटते. दुखणं कमी आहे.

गेलेलं नाही. आहे. पण आधी ते घरमालक होतं, आता भाडेकरू झालंय. सकाळी मोजा एका दमात चढला. पॅन्टला पट्ट्याचं पुढचं भोक लागतं. काल पाव ओढायच्या फावड्याने भट्टीतल्या मागच्या रांगेतले साचे ओढले, तो लांब दांडा पेलला, आणि पेलला हे काम संपल्यावर लक्षात आलं. तोवर कंबरेची आठवणच नव्हती. कित्येक वर्षांत असं झालं नाही.

पुलावर बायकोबरोबर उभा राहिलो. खाली पाणी. बायकोने कठड्यावर हात टेकले. मीही टेकले. बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच म्हटलं, चेहरा वेगळा दिसतो काका. दुखणं किती? खरोखरच तीन. पहिल्यांदा खरा आकडा सांगितला आणि घासाघीस झाली नाही. पण सोडायचं नाही हं, म्हणाल्या. हे बरं होणं नाही, हे सांभाळणं आहे. ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी ते परत येईल.

डॉक्टर लोकांना गिऱ्हाईक तुटलेलं आवडत नाही. समजू शकतो.

९ नोव्हेंबर

लेक सकाळपासून गुणगुणत होती. लहानपणी बेकरीच्या पायरीवर बसून गुणगुणायची, तशी. दुपारी येऊन म्हणाली, "बाबा, मी हो कळवलं. पहिल्या तारखेला हजर होते." मग एकदम गळ्यात पडली. हाताला पीठ होतं, माझ्या पाठीवर दोन पंजे उठले. बायको म्हणाली, शर्ट धुवू नका.

म्हणजे भट्टी नको होती तिला? की इलेक्ट्रिकवाल्याचं फिसकटलं? काही का असेना. मी जिंकलो.

११ नोव्हेंबर

आता आपल्यात सांगायला हरकत नाही: मी बरा झालो आहे. पूर्ण. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझं हत्तीवरूनच गेलं.

या आनंदाप्रीत्यर्थ पहिला पाव मीच फोडला. लोणी नाही. (थोडं.) पैलवान माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, काय बघतोस, मालक कोण? म्हणाला, तुम्हीच. पण एवढ्या सावकाश म्हणाला की मी दुसरा घास घेतला.

१५ नोव्हेंबर

वॉक बंद. कारण विचारपूर्वक आहे. भट्टीपुढे मी दिवसभर पुढे-मागे होतो. तेच चालणं आहे. शिवाय संध्याकाळी शक्ती राखून ठेवायला हवी, परीक्षेचा आठवडा जवळ आलाय. बायको एकटी गेली. पोस्टमनला जाऊन भेटलो, बाकावर बसूनच. त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. म्हणाला, "मालक, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं होतं ते तुम्ही काढलंत वाटतं."

तो कुणाच्या कुत्र्याबद्दल बोलत होता, कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

पायात थोडी चमक. नवीन बुटांमुळे.

२१ नोव्हेंबर

नवीन बूट काढून जुने घातले. चमक जुन्यांतही आली. बहुधा पायालाच सवय लागली. बायकोने विचारलं, दुखतंय का? एक, म्हटलं. तिने विचारलं नव्हतं किती.

मोजा चढवताना दार लावून घेतो हल्ली. उगीच बघणाऱ्यांना घोर.

लेकीची बॅग तिच्या खोलीत उघडी पडली आहे. वर तिचा पांढरा कोट, इस्त्री केलेला. कोटावर नाव आणि नावाखाली हॉटेलने नवीन हुद्दा शिवून पाठवलाय. बायकोने तो सगळ्या गल्लीला दाखवला. पैलवानाने पिठाचे हात पाठीमागे धरून लांबूनच वाचला.

आता काही बोलायचं नाही. आठवडाभराचा प्रश्न आहे. दाबून न्यायचं.

२४ नोव्हेंबर

परीक्षा सुरू. पहाटे मी आणि पैलवान. लेक पुढे दुकानात स्टुलावर, हात मांडीवर, वचनाप्रमाणे. मधलं दार उघडं. सगळं व्यवस्थित. दोन गोळ्या जास्त घेतल्या. त्या औषधाच्या नव्हेत, आत्मविश्वासाच्या. पहिल्या पावावर टकटक केली, पोकळ, सुंदर. चाखला. शेवटचा ट्रे निघाला तेव्हा लेकीने दुकानातून टाळ्या वाजवल्या. मी दाराची चौकट धरून हसलो. चौकट धरली कारण तिथे चौकट होती.

२५ नोव्हेंबर

पार पडलं. फार लिहीत नाही. बसून लिहिताना त्रास होतो, उभ्याने लिहिता येत नाही.

२६ नोव्हेंबर

जे झालं ते लिहितो.

दुसरा घाणा भट्टीत होता. पैलवान पहिल्या घाण्याचे ट्रे घेऊन बाहेर माल नेणाऱ्या गाडीकडे गेला, ड्रायव्हरशी पावत्यांवरून वाद घालत होता. मी म्हटलं, तोवर पिठाच्या पोत्यावर जरा टेकावं. टेकलो. मग उठायला गेलो. कंबर जागच्या जागी. डावा पाय माझा नव्हताच. फावडं समोर, भिंतीला टेकवलेलं, हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर. हात लांबवला. पोचला नाही.

हाक मारायला हवी होती. हाक मारली की संपलं, म्हणून मारली नाही. म्हटलं, कळ ओसरेल.

वास आधी लेकीला आला. दारातून म्हणाली, "बाबा, काढू?"

म्हटलं, नको. आलोच.

तिने हात लावायचा नाही असं ठरलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली. पाय आत नाही. बोटांनी चौकट घट्ट धरलेली. "बाबा, काढू ना?" म्हटलं, आलोच म्हटलं ना! तिसऱ्यांदा तिने नुसतंच "बाबा" म्हटलं. मी पुन्हा हात लांबवला. धूर आला. अख्खा घाणा.

मग ती आत आली. माझ्याकडे न बघता फावडं घेतलं. एकेक साचा ओढून बाहेर काढला. माझ्यापेक्षा हलक्या हाताने. सगळे काळे. तिने त्यातला एक उचलला, सवयीने खाली टकटक केली आणि मग काय करतेय ते लक्षात येऊन ठेवून दिला.

पैलवान धावत आला. दोघांनी मिळून मला उठवलं. पैलवान लाटण्याएवढा आहे, पण ताकद आहे. हे मला माहीत नव्हतं.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई घरी आल्या. दुखणं किती, विचारलं. नऊ म्हणालो. त्यांनी वाट पाहिली, आकडा खाली आणतो का म्हणून. आणला नाही. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तीन आठवडे केलंत ना काका, तेव्हा जमलं होतं. परत करा. शून्यापासून. तुम्हाला शून्यातून उभं राहता येतं असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मला आठवतं. त्यावेळी मी खुर्चीचा हात धरला होता.

बाहेर लेक फोनवर होती. आवाज नेहमीचाच. "नाही सर. नाही जमणार. ... हो, मी हो म्हटलं होतं. ... नाही, सर, तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या." मग बराच वेळ "हो" आणि "हो". बायको माझ्या उशाशी बसली होती. मी विचारलं, इलेक्ट्रिकवाला का? बायको म्हणाली, "कोण इलेक्ट्रिकवाला? सर म्हणजे तिच्या हॉटेलचे. दोन महिने त्यांनाच तर थांबवून ठेवलं होतं पोरीने."

मी म्हटलं, तिला मनातून इथेच राहायचं असेल. घरची ओढ. लेकी बोलून दाखवत नाहीत.

बायको उठून गेली. कपाटावरचा बिस्किटांचा डबा घेऊन गेली. कुठे ठेवला ते विचारण्याची ही वेळ नव्हती.

२९ नोव्हेंबर, रात्र

लेकीच्या खोलीत बॅग दिसत नाही. पांढरा कोट दाराच्या मागे अडकवलाय. नाव आणि हुद्दा भिंतीकडे.

दुकानातून आवाज येत होते. गिऱ्हाईक विचारत होतं, तुम्ही जाणार होतात ना? ती म्हणाली, "बाबांची तब्येत." एवढंच. मी कान देऊन ऐकलं, पुढे काही म्हणते का. म्हणाली, "बन ताजे आहेत."

संध्याकाळी पोस्टमन काठी टेकत जिना चढून भेटायला आला. बाकाच्या पलीकडे आला हेच नवल. म्हणाला, मालक, आपण दोघे हळूहळू शिंप्याच्या दुकानापर्यंत जात जाऊ. पुढचं पुढे. मी म्हटलं, बघू.

मग म्हटलं, बरं.

१ डिसेंबर

नवं वेळापत्रक. पहाटे भट्टी लेकीची, मी काउंटरवर. काउंटरमागे गादीची खुर्ची दिली आहे. तात्पुरतं आहे. कंबर सुधारली की महिन्याभरात मी परत भट्टीपुढे आणि ती परत तिच्या हॉटेलात. चांगल्या माणसाला हॉटेलं रांग लावून विचारतात. शिवाय मालक काउंटरवर बसला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. हा विचार माझ्या डोक्यात फार पूर्वीपासून होता.

पहिला पाव निघाला. लेकीने टकटक केली, कानाशी धरला, फोडला. अर्धा पैलवानाला, अर्धा स्वतः. माझ्यापुढे उकडलेली दोन अंडी आणली. मी खाल्ली.

सकाळी मोजे तिने चढवले. आधी डावा.